कोणाचं तरी एकसष्ट वर्षांचं पोर

किस्से कोणी जमवत नाही हो, ते साचतात. आमच्या प्लांटच्या कँटीनमागे तेलाच्या रिकाम्या डब्यांचा ढीग आहे ना, तसे. कोणी मुद्दाम ठेवले नाहीत, कोणी उचलले नाहीत, आणि एक दिवस बघावं तर ढीग माणसाहून उंच! त्यातले बहुतेक किस्से मी घाबरलो म्हणून झाले, असं शितोळेचं म्हणणं आहे. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते.

शितोळे म्हणजे आमचा स्टोअर्सवाला. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय. त्याचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले, आम्हा पोतनीसांचे दौत-लेखणी घेऊन. तेव्हापासून शौर्य त्यांच्या घरी आणि घबराट आमच्या घरी, अशी वाटणी झालेली आहे.

तर मागच्या वर्षीचा सगळा ढीग पावेलचा. आमचा प्लांट बिस्किटांचा, ग्वाल्हेरजवळ मालनपूरला. तिथे नवीन भट्टी आली पोलंडहून, आगगाडीच्या चार डब्यांएवढी लांब. ती बसवायला तिकडच्या कंपनीनं एकच माणूस पाठवला, पावेल. तीन महिन्यांचं काम होतं. पण गॅसचा एक मोठा व्हॉल्व्ह जहाजानं यायचा होता, तो येता येईना. तिनाचे सहा महिने झाले. म्हणजे आपली दिवाळी आणि त्याचा ख्रिसमस, दोन्ही सण बिचाऱ्याला परदेशात काढावे लागले. परदेश म्हणजे आमचं ग्वाल्हेर!

पावेल यायच्या आदल्या दिवशीच आमच्या जी.एम. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पोतनीस, ये आपके हवाले। इनको कुछ हुआ तो भट्टी बंद, और भट्टी बंद तो हम सब बंद।"

मी घरी येऊन हे सांगितलं. घरी आधीच रडारड. त्याच आठवड्यात आमचा ओंकार जहाजावर गेला होता. एकुलता एक. मालवाहू जहाजावर ज्युनियर इंजिनियर, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. आणि त्याचं जहाज जाणार लाल समुद्रातून, जिथे जहाजांवर हल्ले होतायत म्हणून रोज टीव्हीवर दाखवत होते.

माझी बायको वैशाली शाळेत गणित शिकवते. डोळे पुसून ती म्हणाली, "अहो, हा पावेल पण कोणाचं तरी पोर आहे. इकडे आपण याला जसं ठेवू ना, तसं तिकडे कोणीतरी आपल्या ओंकारला ठेवेल." झालं! इकडे पावेल, तिकडे ओंकार, मध्ये बरोबरचं चिन्ह.

दुसऱ्या दिवशी मी ते कोणाचं तरी पोर बघितलं. सहा फूट उंच, पूर्ण टक्कल, वय वर्षं एकसष्ट!

*

पहिला रविवार. पावेलला आम्ही कंपू भागात आमच्या घराजवळच्या गेस्ट हाऊसमध्ये ठेवलं होतं. मी दुपारी डोळा लावला आणि हा माणूस एकटा पायी सराफा बाजारात गेला. तिथे एका गाडीवर बेडई, म्हणजे डाळ भरलेली तिखट पुरी, आणि वर आलूची भाजी, अशा सहा खाल्ल्या. सहा! ग्वाल्हेरचा जन्मलेला माणूस तीनमध्ये हात टेकतो.

संध्याकाळी फोन आला. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघांचंही अर्धं कच्चं. तो शांतपणे म्हणाला, "मिस्टर पोतनीस, माझ्या आत बर्नर चालू झालाय."

डॉक्टरला घेऊन धावलो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, दोन दिवस दहीभात. मला हायसं वाटलं, पण घरी समीकरण बसलं होतं ना. वैशालीनं पावेलला डबाभर दहीभात पाठवला आणि लगेच ओंकारला फोन लावला.

"पोट कसं आहे रे?"

"बढिया आहे. क्यों?"

"ते काही नाही. दोन दिवस दहीभातच खायचा."

"आई, मी समुद्राच्या बीचोबीच आहे! इथे दही कुठून लाऊं?"

"मग नुसता भात खा," वैशाली म्हणाली. आणि पोरानं खाल्ला हो!

*

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी वैशालीनं विचारलं, "पावेलभाऊंच्या अभ्यंगस्नानाचं काय?"

मी म्हणालो, "अगं, ते पोलंडचे आहेत."

"मग? नरकात काय पासपोर्ट बघतात?"

ती म्हणाली, "ओंकारला तिकडे कोण तेल-उटणं लावणार आहे? निदान इकडचं तरी होऊ दे. आणि सूर्य उगवायच्या आत, सांगून ठेवते."

म्हणून पहाटे साडेपाचला, एका हातात तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात उटण्याची पुडी घेऊन, मी गेस्ट हाऊसचं दार वाजवलं. आता विचार करा. ज्याचं अख्खं आयुष्य गॅसच्या भट्ट्या बसवण्यात गेलं, त्याचं दार पहाटे साडेपाचला वाजलं तर त्याला काय वाटेल?

आतून धडाधड आवाज आले. दार उघडलं. डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला गॉगल, पायात सेफ्टी बूट, हातात टॉर्च आणि अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"गॅस?" त्यानं विचारलं.

"नाही, तेल," मी म्हणालो आणि वाटी पुढे केली.

नरकासुराची गोष्ट मी त्याला जमेल तशी सांगितली, त्यातच अर्धा तास गेला. माणूस पक्का इंजिनियर. त्यानं हसण्यावारी नेलं नाही. तेल किती, आधी तेल की आधी उटणं, किती मिनिटं ठेवायचं, सगळं विचारून घेतलं आणि बाथरूममध्ये गेला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाली गुळगुळीत टाइल, अंगभर तेल आणि वय एकसष्ट! पाय घसरला तर? भट्टी बंद, आम्ही बंद, आणि वैशालीच्या गणितानं तिकडे भर समुद्रात काय होईल ते मला मनात पण आणवेना.

मी दाराला कान लावून ओरडलो, "पावेल, उभे आहात?"

"उभा आहे!"

अर्ध्या मिनिटानं परत. "उभे आहात?" "उभा आहे!" असं वीस मिनिटं चाललं. गेस्ट हाऊसचा मॅनेजर डोळे चोळत आला, म्हणाला, "साहब, अंदर वाले को बैठने की मनाही है क्या?"

शेवटी पावेल बाहेर आला, तांब्याच्या हंड्यासारखा चकचकीत. "नरक कॅन्सल?" "कॅन्सल," मी म्हणालो आणि भिंतीला टेकलो. मग तो खिडकीकडे बघून म्हणाला, "आणि तुमची अंघोळ झाली?"

बाहेर उजाडून ऊन यायला लागलं होतं. आणि मी पारोसा!

*

हा छोटा आहे. डिसेंबर लागला, ग्वाल्हेरची थंडी सुरू झाली. आम्ही स्वेटरवर स्वेटर, आणि पावेल हाफ शर्टात. त्याच्या गावी उणे वीस असतं, त्याला हा उन्हाळाच. पण वैशालीला कोण समजावणार? तिनं लोकरीची माकडटोपी विणली आणि मला बजावलं, "त्यांच्या डोक्यावर चढल्याशिवाय घरी येऊ नका."

पावेल वहिनींचा शब्द मोडत नसे. 'वहिनी' हा शब्द त्याला शितोळेनं शिकवला होता. दिल्लीहून मोठे साहेब आले त्या मीटिंगमध्ये हा सहा फुटी माणूस सूट-टाय आणि वर चॉकलेटी माकडटोपी घालून दोन तास बसला. दिल्लीचे साहेब जाताना जी.एम. साहेबांना हळूच म्हणाले, "हीटर क्यों नहीं लगवाते भाई, शर्म की बात है।"

दुसऱ्या दिवशी हीटर आला. वीस वर्षं आम्ही मागत होतो!

*

आता किल्ल्याचा.

त्या रविवारी सकाळी ओंकारचा मेसेज आला. "बाबा, उद्यापासून आम्ही उस एरिया में जाणार. फोन, नेट सब बंद असेल. आठ-दहा दिवस मेसेज नाही आला तर टेन्शन घेऊ नका. आईला तुम्ही सांगा." मी सांगितलं. वैशालीनं देवाला निरांजन लावलं आणि म्हणाली, "ओंकारचा फोन येईपर्यंत माझं संध्याकाळचं जेवण बंद." मग म्हणाली, "पावेलभाऊ कुठे आहेत? आजपासून त्यांना नजरेआड करायचं नाही."

पावेल नजरेआड होता! सकाळीच ड्रायव्हर बघेलला सांगून तो किला गेटला उतरला होता, किल्ल्याचे फोटो काढायला. एक वाजता परत येतो म्हणाला होता. दोन वाजले तरी पत्ता नाही. फोन लावला तर बंद. धुकं असं की समोरचा माणूस दिसेना.

मी, शितोळे आणि बघेल शोधायला निघालो. बघेल चढावरून वर गेला, आम्ही खालच्या गल्ल्या धरल्या. किल्ल्याच्या कड्याकडे मी बघत नव्हतो. बघितलं असतं तर तिथेच बसलो असतो. तेवढ्यात वैशालीचा फोन.

"पावेलभाऊ जेवले का?"

"हो, जेवले," मी म्हणालो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, इतकं थंडपणे खोटं कधी बोललो नव्हतो.

शितोळे, आमचा शूरवीर, तो पण दर देवळापुढे हात जोडत होता. तीन तास आम्ही प्रत्येक दुकानात विचारत फिरलो, "लंबा, गंजा, अंग्रेज़ जैसा आदमी देखा?" मी मनातल्या मनात सगळ्या देवांना एकेक नारळ बोलून बसलो. नारळ पावेलसाठी बोलत होतो की ओंकारसाठी, ते माझं मला कळत नव्हतं.

पाचला एका गल्लीत तीळ-गूळ भाजल्याचा वास आला. गजकवाल्याचा कारखाना, तिळाच्या खुसखुशीत वड्यांचा. दारात गर्दी. आत बघितलं तर जमिनीवर पालथा पडलेला पावेल! माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. पावेलनं मान वळवून बघितलं. डोकं भट्टीखाली, हातात पाना, नाकाला काजळी.

"ज्वाला पिवळी होती," तो म्हणाला. "पिवळी ज्वाला वाईट. निळी पाहिजे."

रस्त्यानं जाताना त्याला भट्टीची पिवळी ज्वाला दिसली होती. ती तशीच सोडून पुढे जाणं त्याला जमलं नाही. "अहो, पण फोन का बंद?" मी अक्षरशः रडत होतो.

पावेलनं माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा. "मिस्टर पोतनीस, गॅसजवळ फोन चालू ठेवायचा नाही. पहिला नियम. तुमच्या प्लांटमध्ये बोर्ड लावलाय."

मी त्याचा दंड धरून त्याला ओढायला लागलो, तर गजकवाला आडवा आला. "बाऊजी, अभी मत ले जाओ। दूसरी भट्टी बाकी है!"

*

आठ-दहा दिवस मेसेज येणार नाही असं पोरगा बोलला होता. दहा झाले. अकरा झाले.

आमच्या ऑफिसात रोज सकाळी मोठ्या पडद्यावर समुद्राचा नकाशा लावायचे, व्हॉल्व्हचं जहाज कुठे आहे बघायला. निळ्या समुद्रात शेकडो ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक जहाज. सगळे आपला ठिपका बघायचे, मी दुसराच शोधायचो. ओंकारच्या जहाजाचा ठिपका मेसेजच्या दुसऱ्या दिवशीच गेला होता. धोक्याच्या भागात जहाजं स्वतःच ते यंत्र बंद ठेवतात, कोणाला ठावठिकाणा कळू नये म्हणून. हे मला माहीत होतं. पण माहीत असून काय होतं? ठिपका नाही म्हणजे नाही. मी चष्मा पुसून पुसून बघायचो.

बाराव्या दिवशी जी.एम. साहेब भडकले. व्हॉल्व्हच्या जहाजानं तो समुद्र टाळून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घातला होता. "पंद्रह दिन लेट! सीधे रास्ते से नहीं आ सकते थे? डरपोक कहीं के!"

मीटिंगमध्ये बारा माणसं. कोणीतरी बोललं, "साहब, किसी के बच्चे होंगे उस जहाज़ पर भी।" मी इकडे-तिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते.

"क्या कहा?" साहेब म्हणाले.

मी टेबल घट्ट धरलं. पण तोंड थांबेना. "जो सीधे रास्ते से गया है ना साहब, उसमें मेरा बेटा है। आज बारह दिन हो गए।"

साहेबांनी रिमोट उचलला, पडदा बंद केला आणि माझ्यासमोर स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास ठेवला.

बाहेर आल्यावर शितोळेनं माझ्या पाठीवर थाप मारली. "पोतनीस, वाटणी बदलली काय रे?" मी म्हणालो, "हात लावू नकोस, पडेन मी."

*

आणि आता चोवीस डिसेंबर.

चौदावा दिवस होता. जहाजाच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात मी रोज फोन करत होतो, ते रोज गोड आवाजात "कळवतो" म्हणत होते. वैशाली दिवसातून एकदाच जेवत होती, गळ्याची हाडं दिसायला लागली होती. आणि अशात पावेल आमच्या दारात आला, दोन्ही हातांत पिशव्या.

जी.एम. साहेबांनी त्याला हॉटेलच्या पार्टीला बोलावलं होतं. तो नको म्हणाला. "चोवीस तारखेची संध्याकाळ घरात असते," तो म्हणाला. "इथे माझं घर नाही. वहिनींचं स्वयंपाकघर मिळेल?"

मला वाटलं वैशाली नाही म्हणेल. ती म्हणाली, "या. पण चपला बाहेर."

दुपारभर दोघं ओट्याशी. भाषेचं काही अडलं नाही. पावेलनं बिटाचं लाल सार केलं. कोबी आणि तिकडून त्याच्या बहिणीनं पाठवलेले वाळके मशरूम भरून करंज्या केल्या, पण तळायच्या नाहीत, उकडायच्या! मग गहू, मध आणि खसखस घालून एक प्रकार. वैशाली चव घेऊन म्हणाली, "ही तर आपल्या गव्हाच्या खिरीची बहीण." त्या संध्याकाळी त्यांच्याकडे मांस नाही खात आणि पदार्थ बारा लागतात. वैशालीनं वरण, भात, कोशिंबीर वगैरे मिळवून, लोणचं धरून, बारा पुरे केले. शितोळेला मी बोलावलं होतं. तो आल्या आल्या म्हणाला, "ख्रिसमसला मटण नाही? मग मी धर्म कशाला बाटवू?"

आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नाही, असा त्यांचा नियम. आम्ही चौघं गच्चीवर. धुक्यात समोरचं घर दिसेना, तारा कुठला! पावेल मान वर करून उभा. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. शितोळेनं मोबाइल टॉवरचा लाल दिवा दाखवून बघितला, पण पावेल फसला नाही.

शेवटी वैशालीच म्हणाली, "पावेलभाऊ, आमच्या संकष्टीला पण असंच होतं. ढगात चंद्र दिसला नाही तर कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ बघायची आणि उपास सोडायचा. देवाला धुकं कळतं." मी भाषांतर केलं. पावेलनं विचार केला, फोनवर वेळ शोधली, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "तारा दहा मिनिटांपूर्वी उगवला."

खाली आलो. पावेलनं टेबलावर ताटं मांडली. मी, वैशाली, शितोळे, पावेल. चार माणसं. आणि ताटं पाच.

वैशाली भाताचं पातेलं घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. "हे पाचवं कोणाचं?"

पावेल म्हणाला, "हे नेहमी मांडतात. आज जो कोणी वाटेवर आहे, घरापासून लांब आहे, त्याचं. माझी आई मांडायची. आता बहीण मांडते, आज तिकडे माझं मांडलं असेल."

मी भाषांतर केलं. नसलेल्या माणसाचं पान आमच्याकडे कधी मांडतात, तुम्हाला सांगायला नको. पितृपक्षात मांडतात. वैशालीचा चेहरा पांढरा पडला. शितोळे पटकन ताट उचलायला गेला, "वहिनी, मी ठेवतो आत, त्यांना काय माहीत—"

"राहू दे," वैशाली म्हणाली. "मांडलेलं पान उचलायचं नाही."

"मग मी खातो त्यातलं. दोन ताटं मला जड नाहीत."

"तू तुझं जेव."

पावेल घाबरून माझ्याकडे बघत होता. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं होतं. वैशालीनं पातेलं खाली ठेवलं. पाचव्या ताटात तिनं भात वाढला, वर वरण, तूप. लाल सार वाटीत. चार करंज्या, कोशिंबीर, ती गव्हाची खीर. लिंबाची फोड डावीकडे. ओंकारला लागतं तसं अगदी. मग स्वतःच त्या ताटावर बसली.

"अगं, तुझं ताट इकडे आहे," मी म्हणालो.

"ते राहू दे रिकामं. मी घरीच आहे."

आणि ती जेवायला लागली. चौदा दिवस जिच्या पोटात संध्याकाळी अन्न गेलं नव्हतं, ती बाई मान खाली घालून एकेक घास खात होती, आणि आम्ही तिघं पुरुष हातात घास धरून बसलो होतो. मला विचारायचं होतं की नेम मोडला का. विचारलं नाही. ती तिचं जेवत नव्हतीच.

अर्धं ताट झालं आणि फोन वाजला.

फोन फ्रिजवर होता. मी उठून बघितलं. अनोळखी नंबर, बाहेरच्या देशाचा, लांबलचक. पोरगा स्वतः असेल तर ठीक. पण कंपनीचा माणूस असेल तर? असल्या बातम्या असल्याच नंबरवरून येतात ना? मी हात पुढे केला.

"हात लावू नका," वैशाली म्हणाली. "पान संपलेलं नाही."

"अगं, पण—"

"पान संपू दे."

फोन वाजून वाजून थांबला. शितोळेनं डोळे मिटून घेतले. पावेलला आमची भाषा येत नव्हती, पण त्यानं चमचा खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. वैशालीनं करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली. फोन परत वाजायला लागला. तिनं खीर संपवली. वाटी बोटानं पुसली. फोन वाजतोय आणि ती भाताचं शेवटचं शीत गोळा करतेय! माझ्या आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही. उठावं आणि फोन ओढून घ्यावा असं वाटत होतं, आणि घेतला तर काय ऐकू येईल म्हणून उठवत पण नव्हतं.

ती उठली. सावकाश हात धुतले, पदराला पुसले. फोन घेतला, कानाला लावला, आणि कोण आहे, कुठून आहे, काहीएक न विचारता म्हणाली, "जेवलास का रे?"

आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. पलीकडून "आई, अभी कुठे!" एवढं मला पण ऐकू आलं.

"मग आधी नीट पोटभर जेव," ती म्हणाली. "फोन नंतर कर."

आणि तिनं फोन ठेवून दिला!